बागेचा थांबा

दुकानाच्या काचेवर एकदा टक् वाजलं की मान वर न करता मला कळायचं, मास्तर आले. दोनदा टक् टक् वाजलं की मास्तर निघाले. एस.टी.त कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की सुटते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मास्तर नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांची घंटी काही निवृत्त झाली नाही. ती ते कुठंही वाजवत. चहाच्या टपरीच्या पत्र्यावर, बँकेच्या खिडकीवर. एकदा एका लग्नात जेवणं झाली तरी पंगत गप्पा मारत बसून राहिली, दुसरी पंगत ताटकळत उभी. मास्तरांनी ताटावर दोनदा वाजवलं. सगळी पंगत मुकाट्यानं उठली.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं, आणि ज्यांना होतं तेही मास्तरच म्हणत. मीही इथं तेच म्हणतो.

"काय डागदर, उघडला का दवाखाना?" हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. माझं लातुरात जुन्या मोंढ्यासमोर चष्म्याचं दुकान आहे.

"मास्तर, मी डॉक्टर नाही. चष्मे विकतो."

"मी तरी कुठं मास्तर हाय? तिकिटं फाडली जल्मभर. लोक म्हन्तेत तर म्हनू द्यावं की."

आमची ओळख त्यांच्या नोकरीच्या दिवसांपासूनची. मी आठवडी बाजाराला चष्म्यांची पेटी घेऊन निलंग्याला जायचो आणि त्या गाडीवर बऱ्याचदा मास्तर असायचे. बाजाराच्या दिवशी ती गाडी कशी भरते ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. पाय ठेवायला जागा नसताना हा माणूस दारात उभा राहून खालच्या माणसांना हाका मारायचा, "या, या. जागा हाय." आतली माणसं ओरडायची, "ओ मास्तर, कुठं हाय जागा?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "जागा असतीच. मान्सं पसरून बसतेत, येवढंच."

आणि ते जागा काढून दाखवायचे. एकदा एक बाई कडेवर तान्हं लेकरू घेऊन उभी होती. जवळच्या सीटवर एक दणकट गृहस्थ बियाण्याची पिशवी शेजारी बसवून आरामात रेलले होते. दुसरा कंडक्टर असता तर खेकसला असता. मास्तर तिकीट देता देता म्हणाले, "पाव्हणं, कोन्तं गाव?" गृहस्थांनी गाव सांगितलं. "आन् आडनाव?" तेही सांगितलं. "अरे, मंग आमच्या मामाच्या शिवंला शीव हाय की तुमची! ही बाई बी त्याच वाडीची. म्हंजे भैनच लागली तुमची." गृहस्थ गडबडले. पिशवी पायाशी गेली, बाई बसली आणि निलंगा येईपर्यंत ते लेकरू त्या मामाच्या मांडीवर होतं. उतरल्यावर मी विचारलं, "मास्तर, ती बाई खरंच त्या वाडीची होती?"

"मला काय म्हाईत? आसंल कंधारची नाही तर उदगीरची. भैन तर हाय ना कुनाची तरी?"

माणसाला उठवायचं नाही, सरकवायचं, असं ते म्हणत. उठवलं की भांडण, सरकवलं की सोयरीक. मला हे पुढं फार वेळा आठवलं.

निवृत्तीनंतर ते माझ्या दुकानामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. पुढचं दार त्याच गल्लीत, मागचं दार पलीकडच्या बोळात. एक मुलगी, ती नांदेडला दिलेली. घरात ते आणि काकू. काकू निलंग्याकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. अंगानं बारीक, बोलायला कमी, पण स्वयंपाकाचा हात असा की त्यांच्या घरून भाजीची वाटी आली की आमच्या घरी भांडण व्हायचं. मास्तरांकडे मात्र शेताचा तुकडा नव्हता. त्यांचे वडील मोंढ्यात पोती उचलायचे. काकूंच्या माहेरचं शेतही पुढं भावांनी विकलं आणि ते पोरांकडे पुण्याला निघून गेले.

शेत नसणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला एरवी कळणार नाही. ते कळतं येळवसला. मार्गशीर्षातली अमावस्या, तिला आम्ही वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतो. त्या दिवशी आमचा जिल्हा रानात जातो. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" असा पुकारा करत शेताला फेरी घालायची आणि मग भज्जीवर तुटून पडायचं. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. कोवळ्या तुरी, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या असं रानात जे हिरवं मिळेल ते बेसनात शिजवून, वर लसणाची फोडणी. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. शहर त्या दिवशी ओस पडतं. दुकानं बंद, हॉटेलं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा गोंधळून फिरतात. ज्याला शेत नाही त्याला दुसरा बोलावतो, अगदी हाताला धरून नेतो. मी चाकूरकडच्या एका मित्राच्या शेतात जातो, वर्षानुवर्षं.

एका येळवसला मी अर्ध्या वाटेवरून परत आलो. मित्राच्या आईचा नवा चष्मा दुकानातच राहिला होता. तो घेतला आणि जवळची वाट म्हणून मागच्या गल्लीतून निघालो. मास्तरांच्या दाराला भलंमोठं कुलूप. मनात म्हटलं, बरं झालं, गेले कुणाच्या तरी शेतात. आणि तेवढ्यात नाकाला लसणाची फोडणी लागली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि त्या कुलूप लावलेल्या घरातून भज्जीचा वास येत होता.

मी वेड्यासारखा उभा राहिलो. खिडकीची फळी किंचित हलली. थोड्या वेळानं मास्तर बोळाच्या बाजूनं वळसा घालून माझ्यासमोर आले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच खाली मान घालून उभा राहिलेला पाहिला.

"डागदर, कुलूप खोटं हाय. भज्जी खरी हाय. या मागनं."

झालं होतं ते एवढंच. पहिली काही वर्षं ते दोघं या-त्या ओळखीच्यांच्या शेतात गेले. मग काकू म्हणाल्या, दुसऱ्याच्या कोपीपुढं किती वर्षं पाव्हण्यासारखं बसायचं? माझ्या बापाच्या रानात शंभर मानूस जेवायचं. मी येत नाही. पण घरी बसलं तर शेजारी विचारणार, आग्रह करणार, कीव करणार. म्हणून मास्तर दर येळवसला पहाटे पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावत, मागच्या दारानं आत येत आणि दिवसभर दोघं आवाज न करता बसत. रेडिओसुद्धा लावत नसत. गल्लीला वाटायचं, मास्तर शेतात गेले.

मी त्या दिवशी आत जाऊन दोन घास खाल्ले. काकू वाढत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. निघताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, कुटं बोलू नका." मी आजवर बोललो नाही. आता बोलतोय, कारण आता बोलायला हरकत नाही. ती का नाही, ते पुढं येईल.

माझ्या दुकानासमोरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, तोवर शहराबाहेर गेला होता. आडतीची जुनी शेडं पाडली आणि मधोमध एक मोठी मोकळी जागा उरली. एक कडुनिंब, बंद पडलेला हापसा आणि बाकी धुरळा. तिथं व्यापारी संकुल होणार अशी बातमी आली. मी स्वतः दुकानदार असून सांगतो, आमच्या शहरात दुकानांना तोटा नाही. गिऱ्हाइकांना आहे. पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

मास्तर एका सकाळी आले. काचेवर एक टक्. म्हणाले, "डागदर, हितं बाग पायजे."

"अर्ज करा पालिकेत."

"अर्ज तर करतोच. पन आदी थांबा करावा लागंल."

मला कळेना. त्यांनी समजावलं. निलंग्याच्या रस्त्यावर एक थांबा होता, 'बाभळ' नावाचा. तिथं गाव नव्हतं, शेड नव्हती, नुसती एक बाभळ होती. कुणीतरी कंडक्टरनं एकदा तिथं घंटी मारली, दुसऱ्यानंही मारली, आणि मग लोक तिकीटच मागायला लागले, "एक बाभळ द्या." पुढं बाभळ तोडली, तरी थांबा राहिला. आता तिथं शाळा आहे. "मानूस उतराया लागला की गाव आपसूक व्हतंय," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी मोंढ्याची जागा हा शब्द टाकला. शेअर रिक्षात बसताना सांगायचे, "बागेवर सोड." रिक्षावाला विचारायचा, कोणती बाग? "मोंढ्याच्या जागेवरची. म्हाईत न्हाई व्हय तुला बाग?" असं अशा आवाजात म्हणायचे की बिचाऱ्याला स्वतःचीच लाज वाटायची. मग ते त्या धुरळ्यात उतरायचे, निंबाखाली रुमाल अंथरून बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायचे, "बसा की. जागा हाय." बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बाया, दवाखान्यात नंबर लावून आलेली म्हातारी माणसं, कुणी ना कुणी टेकायचंच. आपल्या शहरात बाईमाणसाला फुकट टेकायला जागा कुठं आहे, तुम्हीच सांगा. दुकानाच्या पायरीवर बसलं तर आम्ही दुकानदार "गिऱ्हाईक येऊ द्या, बाई" म्हणतो.

एका दिवशी मी स्टेशनवरून येत होतो आणि रिक्षावाला ओरडत होता, "गोलाई, बाग! गोलाई, बाग!" गोलाई म्हणजे शहराच्या मधला मुख्य चौक, आणि तिच्या जोडीला आता बाग. मी हसून हसून रिक्षात चढायचंच विसरलो. झाड एक, हापसा बंद, आणि बाग मात्र थांब्यांच्या यादीत जाऊन बसली होती.

पालिकेनं लोकांच्या सूचना ऐकायला एक बैठक ठेवली. मी मास्तरांबरोबर गेलो. मंचावर साहेब लोक, समोर व्यापारी, मागं आम्ही. मास्तर उठले. समोरच्या टेबलावर बोटानं एक टक् केलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, तुमचं गाव कोन्तं?"

मी कपाळाला हात लावला. मला ती निलंग्याची गाडी दिसायला लागली होती.

साहेब हसले. म्हणाले, "औशाकडचं."

"येळवसला कुठं जाता?"

"शेतात. आणखी कुठं?"

"इंजिनेर साहेब, तुमी?" त्यांनी आपल्या शेताचं नाव सांगितलं. पुढचा, त्याच्या पुढचा. प्रत्येक जण आपापल्या गावाचं नाव घ्यायला लागला, एकानं आपल्या आईच्या भज्जीचं वर्णन सुरू केलं, दुसऱ्यानं आंबिलीचं. सभागृहात कामकाज चाललंय की लग्नाची बैठक, कळेना. मग मास्तर चहा वाटणाऱ्या बाईंकडे वळले. "बाई, तुमी कुठं जाता?"

त्या थबकल्या. कपांच्या ट्रेकडे बघत म्हणाल्या, "आमी कुटं जाताव, मास्तर. घरीच."

दारातल्या वॉचमननं विचारण्याआधीच मान हलवली.

"ह्यान्ला एक शेत मागायलो, साहेब," मास्तर म्हणाले. "गावाच्या मधी. सातबारा सगळ्यांच्या नावचा. बाकी मला काय मागायचं न्हाई."

एका व्यापाऱ्यानं विचारलं, "मास्तर, पण बागेत पिकणार काय?"

"मान्सं बसतेत. आनखी काय पिकवायचं?"

लोक हसले, टाळ्याही पडल्या. मी मास्तरांकडे बघत होतो. खाली बसताना त्यांनी माझ्याकडे एकच नजर टाकली, आणि तिच्यात मला भीती दिसली. मी उत्साहाच्या भरात उठून त्यांच्या दाराच्या कुलपाबद्दल काही बोलतो की काय, ही भीती. स्वतःसाठी जे मागायचं होतं ते त्यांनी दुसऱ्यांच्या नावानं मागितलं, आणि खरंच त्या दुसऱ्यांसाठीही मागितलं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सूचना लिहून घेतल्या गेल्या. लिहून घेतलेल्या सूचनांचं पुढं काय होतं ते आपण जाणतोच. येळवस जवळ आली तशी मास्तरांनी जाहीर केलं, यंदा कोप बागेत. काकूंनी साफ नकार दिला. "भर बाजारात कोप मांडायची? लोक हसतेल. तुमी जावा. मला कुलूप लावून जावा."

मास्तर गेले. मीही त्या वर्षी मित्राला नाही म्हटलं. निंबाखाली पेंढ्या उभ्या करून कोप झाली, दगडांना चुना लागला. त्या चहावाल्या बाई पोराबाळांसह आल्या, वॉचमन आला, क्लासच्या होस्टेलमधल्या काही मुली आल्या. त्यातली एक किनवटकडची. ती म्हणाली, "आमच्याकडं असलं काही करत न्हाईत. पण जेवायला हाय ना?" भज्जी मास्तरांनी स्वतः रांधली होती. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. आंबील तर अशी आंबट झाली होती की वॉचमनचा एक डोळा बराच वेळ मिटलेलाच राहिला.

आणि नेमके त्याच दिवशी पालिकेनं नेमलेले पुण्याचे आर्किटेक्ट जागेची मापं घ्यायला लातुरात उतरले. ही अमावस्या बाकीच्या महाराष्ट्राच्या सुट्ट्यांत नाही, त्यांना कोण सांगणार? फोन लावावा तर कुणी उचलेना, सगळे रानात. चहा नाही, नाष्टा नाही. स्टेशनवर एकच रिक्षा सापडली, तीही बिनशेताच्या माणसाची. त्यानं त्यांना थेट निंबापाशी आणून सोडलं. टक्कल पडलेले, घामाघूम, चष्म्याची एक दांडी ढिली. हातात नकाशाची गुंडाळी.

"अहो, मला मोंढ्याच्या जागेवर जायचंय. याला म्हटलं तर हा म्हणतो बाग. बाग कुठं आहे?"

"ती तुमीच करनार हाव न्हवं?" मास्तर म्हणाले. "बसा. आदी जेवा."

त्यांनी खरोखर जेवायला मांडी घातली. मास्तरांची भज्जी खाल्ल्यावर हा माणूस तिथं बाग सोडाच, स्मशानसुद्धा काढणार नाही. मी उठलो आणि बोळातून मास्तरांच्या मागच्या दाराशी गेलो. काकूंनी दार किलकिलं केलं.

"जमली का त्यांना भज्जी?"

"नाही, काकू."

त्यांनी आतून झाकलेलं पातेलं आणलं. तयारच होतं. "न्या."

"तुम्हीच चला ना. काय हरकत आहे?"

त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, हसतेल म्हनून म्हनले, पन ते काय खरं न्हाई. शेत म्हंजे उभं पीक लागतंय. ज्वारीत उभं ऱ्हाऊन आंबील शिंपायची असती. तितं कशावर शिंपू? धुरळ्यावर?" आणि मग, "पुडचं कुलूप तसंच ऱ्हाऊ द्या."

पुण्याच्या साहेबांनी ती भज्जी दोनदा मागून घेतली. मग रिक्षावाल्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मापं घेऊ लागले. मी मास्तरांना बाजूला घेऊन काकूंचं बोलणं सांगितलं. ते कोपीतले दगड उगाच सारखे करत बसले. मग उठून थेट टेप धरलेल्या साहेबांपाशी गेले.

"साहेब, येका कोपऱ्यात ज्वारी पायजे."

"बागेत? ज्वारी?"

"तुमी लान का काय म्हन्तेत ते घालनारच की. गवतच हाय ना ते? ज्वारी बी गवतच हाय."

साहेब हसले. चष्मा सारखा घसरत होता, तो मी काढून घेतला आणि दुकान उघडून दांडी पिळून दिली. एवढाच माझा त्या बागेतला वाटा.

कशानं झालं ते मला सांगता येणार नाही. त्या बैठकीनं, त्या रिक्षावाल्यांनी, की काकूंच्या पातेल्यानं. पण आराखडा आला तेव्हा रस्त्याच्या कडेला दुकानांची एक ओळ होती आणि तिच्यामागं सगळी बाग. निंबाच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात लिहिलं होतं, ज्वारी. काम घेतलेल्या बाहेरगावच्या ठेकेदारानं, हे ज्वारी नावाचं शोभेचं झाड कोणत्या नर्सरीत मिळेल, असं विचारल्याचं इंजिनिअरच मला सांगत होते.

काम सुरू झालं आणि मास्तर रोज तिथं. जेसीबीच्या पत्र्यावर दोन टक् मारल्याशिवाय ड्रायव्हर यंत्र हलवायचा नाही, इथपर्यंत मजल गेली. बाकडी आली तेव्हा मात्र ते भांडले. त्यांना भांडताना मी तेवढंच पाहिलं. बाकांना मधोमध लोखंडी हात बसवलेले होते, एकेकट्याची जागा आखून देणारे. "हे काढा. दांडा घातला की मानूस सरकत न्हाई. तिघांची जागा हाय, चौथा आला तर कुठं बसावं त्यानं?" ठेकेदार वैतागला, पण हात काढले. आजही तुम्ही जाऊन पाहा, आमच्या बागेतल्या बाकांना हात बसवल्याची भोकं आहेत, हात नाहीत.

गणपतीच्या आधी त्यांची छाती दुखली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा काकू उशाशी होत्या. मास्तरांचा आवाज बसला होता.

"ज्वारी पेरली का वो?"

"अजून पेरणीला वेळ आहे, मास्तर. बाग उघडायलाही आहे. तुम्हीच पेरायची."

काकूंच्या हातात मास्तरांचा हात होता. मास्तरांनी दुसऱ्या हातानं खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा टक् टक् केलं. मला वाटलं, दुकान उघडं आहे, जा म्हणतायत. मी उठलो, उद्या येतो म्हणालो. उद्या त्यांना न्यायलाच जावं लागलं.

मला ते जाणं सहन झालं नाही, हे सरळ सांगतो. कितीतरी दिवस काचेवर एखाद्या गिऱ्हाइकाचं बोट वाजलं तरी मी चटकन वर बघायचो.

बाग उघडली. तिला एक मोठं, मानाचं नाव मिळालं, कमानीवर ते आहेही. रिक्षावाले अजून बागच म्हणतात. माळ्यानं निंबाच्या कोपऱ्यात ज्वारी पेरली. पाऊस बरा झाला होता, ती झपाट्यानं वर आली. काकू मात्र घरातच. मुलगी नांदेडहून येऊन दिवस करून गेली. मी अधूनमधून मागच्या दारी जायचो, काय हवं-नको विचारायचो. ज्वारी आली बरं का, काकू, असंही म्हणून बघितलं. "हं," एवढंच म्हणाल्या. येळवसचा विषय काढायची माझी छाती झाली नाही.

येळवस उजाडली. बागेत गेलो तर काय माणसं! चहावाल्या बाईंनी कोप केली होती, होस्टेलच्या मुली गेल्या वर्षीच्या दुप्पट, त्या किनवटच्या मुलीनं तर आईला बोलावून घेतलं होतं. एकेका बाकावर पाच-सहा जण दाटीनं बसलेले. ज्वारी कमरेला लागत होती. सगळं होतं, पण आंबील शिंपायला कुणी पुढं होत नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. चहावाल्या बाई मला म्हणाल्या, "मास्तरांच्या घरच्या येतेल का? जरा बघून या की."

मी निघालो. आमच्या गल्लीत नेहमीसारखा शुकशुकाट. मास्तरांच्या दारासमोर आलो आणि पाय जागीच थांबले. दाराला तेच भलंमोठं कुलूप. म्हणजे आता कुलूप लावायला माणूस राहिला नाही तर ही बाई स्वतः बाहेरून कुलूप लावून, स्वतः वळसा घालून, एकटी आत जाऊन बसली. मी नाक वर करून वास घेतला. फोडणीचा वास नव्हता. खिडकीची फळीही हलली नाही.

बोळातून मागं गेलो. पायरीवर तुरीच्या शेंगांची टरफलं पडली होती, ओलीच. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि दाराकडे पाहिलं.

मागच्या दारालाही बाहेरून कुलूप होतं.